शारीरिक शिक्षा

भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं — ‘शारीरिक शिक्षा, रोज सुबह छह बजे, आँगन में.’

आता तुम्हीच सांगा, वरुडच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत शिकलेल्या बाईनं हे वाचून काय समजायचं? शिक्षा म्हणजे शिक्षा. अंगठे धरून उभं राहायचं, तळहातावर पट्टी खायची. आणि शारीरिक म्हणजे काय, ते मी आधीच्या नशामुक्ती केंद्रात अंगावर शिकून आले होते. तिथं नशा पट्ट्यानं सोडवायचे. दारूवालीला पट्टा, सिरपवालीला पट्टा, झोपेत रडणारीला पट्टा. तिथं असा फलक नव्हता, एवढाच फरक. इथल्यांनी निदान वेळ तरी लिहून ठेवली होती.

जबलपुरात मी बरीच वर्षं काढली होती. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला कोणी सरळ विचारलं असतं तर सांगितलंही असतं. पण घाबरलेलं माणूस आईच्या भाषेत वाचतं.

माझं नाव बेबी. विदर्भात आमच्या वयाच्या निम्म्या बायका बेबीच असतात, हसायचं काम नाही. लग्न करून जबलपूरला आले आणि लग्नांच्याच स्वयंपाकाच्या टोळीत पुऱ्या लाटायला लागले. रात्र रात्र उभ्यानं. कंबर मोडायची, तेव्हा ठेकेदार खोकल्याच्या सिरपची बाटली हातात द्यायचा. म्हणायचा, पी, उभी राहशील. राहिले. मग बाटलीशिवाय उभंच राहता येईना. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, टोळीनं कामावरून काढलं, आणि फलाटावर झोपायला लागले तेव्हा पोलिसांनी उचलून त्या पट्टेवाल्या केंद्रात टाकलं. तिथून पळाले. परत फलाटावर. तिथून मला महाराजपूरच्या या बायकांच्या आश्रयगृहात घेऊन आल्या त्या अर्चना दीदी, इथल्या अधीक्षक.

मला आता एकच हवं होतं. जिथून मला कोणी हाकलू शकणार नाही अशी जागा.

आणि पहिल्याच संध्याकाळी भिंतीवर हे.

सकाळी धुक्यात शिट्टी वाजली. मी अंगणातल्या नळाखाली बादली भरत होते. डिसेंबरातलं जबलपूरचं नळाचं पाणी म्हणजे हाताला चावतं. दारातून एक उंच माणूस आत आला. गळ्यात शिट्टी, खांद्यावर माझ्याहून लांब बांबू.

बांबू बघितला आणि मी बादली उचलली.

“हात लावून पाह्य मले. तुहा मुडदा बशिवला.”

सगळं पाणी त्याच्या डोक्यावर. बांबू घरंगळत जाऊन तुळशीच्या कुंडीला अडला. तो तसाच उभा. केसांतून वाफ निघत होती, पापण्यांवर थेंब, दात वाजत होते. मी रिकामी बादली पुढे धरून उभी, की आता येऊ दे.

तो आला नाही. म्हणाला, “तुम्ही… मराठी आहात?”

“मंग काय जर्मन?”

“नाही, म्हणजे… आमच्या घरी पण आई असंच बोलते. मुडदा.” त्यानं नाक पुसलं. “पाणी लय थंडा होता.”

“थंड. आणि होतं.”

“थंड होतं,” तो म्हणाला. शहाण्या मुलासारखा.

मागं ओट्यावर इंदू बसली होती. पन्नाशीची, गोल गरगरीत, मोहाची दारू सोडता सोडता तीनदा परत गेलेली. ती हसून हसून आडवी झाली. “अरे, सरजी को नहला दिया रे.”

अर्चना दीदी धावत आल्या. मी भिंतीकडे बोट दाखवलं. शिक्षा करणार म्हणून लिहिलंय, म्हटलं, आणि हा बांबू घेऊन आला. दीदींना काही कळेना. त्याला कळलं. तो भिंतीसमोर गेला, ओठ हलवत वाचलं, मग त्याचा चेहराच उतरला.

“आई म्हणायची लहानपणी,” तो हळू बोलला. “शिक्षा करीन हं. मी… मला लक्षातच नाही आला.”

“आलं.”

“आलं. हा बांबू खो-खोचा खांब आहे जी. मारायचा नाही.” ओल्या बाहीनं त्यानं भिंत पुसली. “मराठीत काय म्हणतात?”

“व्यायाम.”

“ते तर हिंदीत पण व्यायामच.”

“मंग तेच लिहायला काय हात दुखत होते?”

त्यानं खडू घेतला आणि कुडकुडत लिहिलं — व्यायाम. दीदींनी त्याला शाल आणून दिली. हिला बाहेर काढा, असं तो म्हणाला नाही. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू. त्यानं वळून फक्त विचारलं, “उद्या बादली ठेवून याल का?”

“बघीन,” मी म्हटलं.

त्याचं नाव प्रल्हाद. आजोबा काटोलहून इथल्या तोफांच्या कारखान्यात कामाला आले, ते इथलेच झाले. तो जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या एका शाळेत खेळाचा मास्तर होता, आणि शाळेआधी सकाळी आमच्याकडे यायचा. मराठी त्याला सगळी समजायची, बोलताना मात्र प्रत्येक शब्दाचं लिंग बदलायचा.

दुसऱ्या दिवशी हजेरी. “रोशनी. इंदू. बे—” तो अडला.

रोशनी सिहोऱ्याची, विशीतली, जीभ कात्रीसारखी. तिनं लगेच मान वाकडी केली. “सरजी, किसको बेबी बोल रहे हो?”

त्याचे कान लाल झाले. “बेबी… जी.”

हे तर आणखी वाईट होतं. सगळ्या बायका लोळल्या. मी दातओठ खाऊन म्हटलं, “हजर.” पण आत कुठंतरी, कित्येक महिन्यांनी, मलाही हसू फुटलं होतं. मी ते दाबलं. तेव्हा मला वाटायचं की हसलं की माणूस उघडं पडतं.

आता खो-खो म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ओळीत उकिडवं बसायचं, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. मागून कोणीतरी येणार, पाठीवर हात मारणार, खो म्हणणार, की उठून पळायचं.

आमच्यापैकी एकीलाही तसं बसता येईना.

शाळेतल्या पोरांना हे सांगून कळणार नाही. ज्या बाईच्या मागून आजवर फक्त मार आला, तिला पाठ करून बसा म्हणायचं? रोशनी बसली की दर क्षणाला मागे बघायची. इंदू भिंतीला पाठ लावायची. मी तर उभीच राहिले. म्हटलं आता हा ओरडेल.

तो आमच्यासमोर अंगणात पाठ करून बसला. एकटाच, फरशीवर.

“मला द्या खो,” म्हणाला. “कोणी पण. पण माझा एक नियम आहे. आधी आवाज, मग हात. आवाज ऐकू आला नाही, तर हात लावायचा नाही. मी नाही म्हटलं, तर पण लावायचा नाही.”

कोणी हललं नाही. धुकं पांगत होतं, शेजारच्या घरात कुकर शिट्ट्या देत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. निळा स्वेटर, कॉलरपाशी उसवलेला. माणसाची पाठ किती भाबडी दिसते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असेल. मी चार पावलं गेले.

“खो,” म्हटलं. आवाज फुटलाच नाही.

“ऐकू नाही आला.”

“आलं नाही.”

“ऐकू नाही आलं,” तो म्हणाला, आणि त्याचे खांदे हसले.

“खो,” मी ओरडले. गल्लीतलं कुत्रं भुंकलं. मग मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो उठला आणि खरंच पळाला, अंगणभर, वेड्यासारखा, आणि आम्ही सगळ्या टाळ्या वाजवत राहिलो.

माझ्या तळव्याला त्या लोकरीची ऊब दुपारपर्यंत होती. मी भांडी घासली तरी.

मग आम्ही बसायला शिकलो. आधी आवाज, मग हात. पहिले दिवस मला पळताना ओकारी व्हायची, घामाला सिरपचा गोडसर वास यायचा. तो म्हणायचा, ओका, पाणी प्या, या. त्याच्या चेहऱ्यावर किळस शोधायची मी, सापडायची नाही. हळूहळू घामाचा वास बदलला. रात्री झोप लागायला लागली, औषधाशिवाय, नुसत्या दमण्यानं. सकाळच्या त्या तासासाठी मी दिवस ढकलायची. तो तास होता म्हणून बाकीचे तास बाटलीशिवाय जात होते. तो तास गेला असता तर मी गेले असते, इतकं सरळ होतं ते.

एकदा एक शालवाल्या बाई केळी वाटायला आल्या. आम्ही पळत होतो. त्या दीदींना म्हणाल्या, “इनको कसरत की क्या जरूरत? पेट भर जाए, बहुत है.”

मला राहवलं नाही. मी घाम पुसत त्यांच्यापुढे गेले. “आप सुबह घूमने जाती हो ना, मैडम? पेट भरा होता है तब भी?”

केळी पटापट वाटून झाली. दीदी मला रागावल्या. प्रल्हाद तिकडे खांबाला टेकून शिट्टी पुसत होता, खाली मान घालून. शिट्टी काही एवढी घाण नव्हती.

जानेवारीत वटाण्याचा हंगाम. जबलपूरच्या बाजूला पोत्यानं वटाणा निघतो, आणि आम्हाला सोलायचं काम मिळायचं. वर्ग संपला की अंगणात उन्हात शेंगांचा ढीग. प्रल्हादला शाळेत जायचं असायचं, तरी तो पाच मिनिटं बसायचा. त्याची पाच मिनिटं फार लांब असायची.

“तुमच्या नखात हिरवं गेलंय,” तो एकदा म्हणाला.

“अरे वा. गेलंय. बरोबर बोललात.”

“मी रोज आईशी प्रॅक्टिस करून राहिलो.”

“काहून?”

त्यानं एक शेंग फोडली. दाणे मोजल्यासारखे बघत बसला. “असंच. कोणाशी तरी भांडायचं असलं तर भाषा यायला पाहिजे ना.”

“भांडायला येते तुम्हाला? तोंड बघा स्वतःचं. तुम्ही तर बादली खाऊन शाल मागता.”

“शाल दीदींनी दिली. मी मागितली नव्हती. मी तर त्या वेळी विचार करत होतो, की ही बाई परत कधी बोलेल.”

वटाणे माझ्या हातातून सांडले. रोशनीनं इंदूला कोपर मारलं. इंदूनं आकाशाकडे बघून जोरात म्हटलं, “आज धूप कुछ ज्यादा ही है.”

“शाळा नाही का तुम्हाला?” मी म्हटलं.

“आहे.”

“मग जा ना.”

“जाऊन राहिलो,” म्हणाला, आणि बसूनच राहिला.

असं दोन-तीन आठवडे चाललं. हात सोडा, बोटही लागलं नाही कधी. पण तो अंगणात आला की मला न बघता कळायचं, आणि तो बघतोय हे पाठीला कळायचं, आणि पाठीला भीती वाटायची नाही.

मग एका सकाळी शिट्टी वाजली नाही.

आम्ही ओळीत बसून राहिलो. ऊन कुंडीवर आलं. दीदींनी मला आत बोलावलं. रोशनीची थट्टा स्वयंपाकघरातून त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी प्रल्हादला सरळ विचारलं होतं. तो म्हणाला होता, हो, माझ्या मनात आहे, बेबीजींना मी काही बोललेलो नाही, आणि म्हणूनच मी उद्यापासून येत नाही.

“उसने खुद छोड़ा है,” दीदी म्हणाल्या. “नियम भी यही है. अच्छा आदमी है, बेबी.”

“और हमारी क्लास?”

“देखेंगे. कोई भजनवाली मिल जाए तो सुबह वो करा लेंगे.”

भजन. मी बाहेर पडले. दुपारी बाहेर जायची मुभा होती आम्हाला. पाय आपोआप अधारतालच्या त्या औषधाच्या दुकानाकडे गेले, जिथून मी पूर्वी सिरप घ्यायची. दुकानदारानं मला बघितलं, विचारलंही नाही, बाटली काढून काचेवर ठेवली. इतक्या महिन्यांनी. माझं नाव त्याला माहीत नव्हतं, बाटली माहीत होती.

मी त्या बाटलीकडे बघत उभी राहिले. तोंडाला पाणी सुटलं, खरं सांगते. जिभेला चव आठवली, पोटाला ऊब आठवली. दोन घोट, आणि प्रल्हाद नाही, दीदी नाही, भजन नाही, काही नाही.

पण राग पण नाही. आणि तो राग मला हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या माणसावर भीतीशिवाय चिडले होते, मस्त, सणसणीत, आणि हा राग मी सिरपमध्ये बुडवून वाया घालवणार नव्हते. तो ज्याचा होता त्याला नेऊन द्यायचा होता.

“अंदर रखो,” मी दुकानदाराला म्हटलं, आणि गोरखपूरची रिक्षा पकडली.

शाळा सुटत होती. तो गेटपाशी मुलांना रस्ता पार करून देत होता. मला बघितलं आणि हात वरच राहिला. दोन सायकलवाले उगाच थांबले.

“बेबीजी… तुम्ही इथं?”

“मले विचारलं होतं?”

“काय?”

“काय म्हणजे? मनात आलं तेव्हा मले विचारलं नाही, ठीक आहे, मन आहे. पण सोडून जाताना? मले ते दीदींकडून कळते. एक वर्ग होता माझा, तो पण घेऊन गेले तुम्ही. भजन ठेवून राहिले तिथं, भजन. तुम्ही मोठे देवमाणूस झाले आणि उपाशी कोण? मी.” माझा आवाज चढत होता, मी चढू दिला. “ही शिक्षा झाली, सर. हिंदीतली नाही. मराठीतली.”

त्याला ते लागलं. दिसलं मला. तो फूटपाथच्या कडेला आला, शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली.

“ऐकून घ्या,” म्हणाला. मराठी तुटत होती, पण त्यानं हिंदीत उडी मारली नाही. “तिथं मी शिट्टी वाजवतो, तुम्ही पळता. थांब म्हणतो, तुम्ही थांबता. तुमचा पलंग, तुमचं जेवण, सगळं त्या घराच्या हातात. आणि मी त्या घराचा माणूस. मी विचारलं असतं आणि तुम्हाला नाही म्हणायचं असतं… तर कसं म्हटलं असतं?”

“माझं तोंड बघितलं ना तुम्ही? बादली बघितली ना?”

“तेव्हा तुम्हाला त्या घराची गरज नव्हती वाटत. आता आहे. जिला नाही म्हणता येत नाही, तिचं हो घेऊन मी काय करू?”

आजवर मला कोणी असं विचारलंच नव्हतं. नवऱ्यानं नाही, ठेकेदारानं नाही, कोणी नाही. सगळ्यांना माझं हो फुकट मिळालं होतं.

पण चिडलेली मी होतेच. “हे मले अंगणात सांगता आलं असतं. तोंडावर.”

“हो. तिथं चुकला मी.”

“चुकलो.”

“चुकलो,” तो म्हणाला. डोळे भरलेले होते त्याचे. मास्तर माणूस, पोरांसमोर.

“मंग आता ऐका,” मी म्हटलं. “मले नाही म्हणता येईल अशी जागा मी शोधते. माझी मी. मदत करायची नाही. तोवर थांबायचं असलं तर थांबा, नाही तर… नाही तर तेही सांगा.”

“थांबतो.”

“फोन मी करीन. तुम्ही करायचा नाही.”

“नाही करणार.”

“आणि ती शिट्टी द्या.”

त्यानं काहून विचारलं नाही. खिशातून काढून दिली. बोटं लागली नाहीत, आम्ही दोघांनीही तेवढं जपलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी शिट्टी वाजवली. दीदी दारात आल्या, हाताची घडी घालून. मी ओरडले, बसा. इंदू म्हणाली, “ये बाल्टीवाली हमको सिखाएगी?” आणि भिंत सोडून ओळीत जाऊन बसली. मग बाकीच्या बसल्या. दीदी हाताची घडी सोडून आत गेल्या. भजनवाली आलीच नाही कधी. आली असती तरी तिला पण पळवलं असतं.

सोपं होतं असं समजू नका. इंदू मध्येच घसरली, दिसेनाशी झाली, आणि एका सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी येऊन ओळीच्या टोकाला बसली. मी तिला काही विचारलं नाही. आवाज दिला, मग हात ठेवला. माझीही रात्र रात्र अशी जायची की दात करकरायचे. अशा वेळी सकाळी मी जास्त जोरात पळायची, बाकीच्या शिव्या द्यायच्या.

मधूनमधून फोन करायची.

“काय करून राहिले?”

“तुमच्या फोनची वाट… बघून राहिलो.”

“खोटं. मागून कुकर वाजून राहिला.”

“वाट बघत बघत वरण लावलं.”

“काय बोलता? तुम्हाला वरण येतं?”

“येतो.”

“येतं, सर. येतं.”

“मुद्दाम चुकलो होतो,” तो म्हणायचा. “तुम्ही सुधारता तेव्हा आवाज छान होतो तुमचा.”

मी फोन ठेवून द्यायची. आणि मग बराच वेळ हातात धरून बसायची.

उन्हाळ्यात नोकरी लागली, नोकरदार मुलींच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात. मालकीण म्हणाली, उभं राहून लाटावं लागेल. कंबरेत तीच जुनी कळ आली, नुसत्या ऐकण्यानंच. मी म्हटलं, “नाही. बसून लाटीन. उंच स्टूल द्या, तर येते.” ती बघत राहिली. मीही बघत राहिले. मला ती नोकरी किती हवी होती ते मलाच माहीत, पण मी तेवढ्यावर उठून दारापर्यंत गेले. स्टूल मिळालं.

त्या पगारावर मी आणि इंदूनं महाराजपुरातच वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. एक खिडकी, एक गॅस, जिना इतका अरुंद की इंदू आडवी होऊन चढायची. सकाळी सहाला मी आश्रयगृहात जायची, वर्ग घ्यायची, मग वसतिगृहात. आता त्या घराचं माझ्याकडे काही नव्हतं. ना पलंग, ना ताट. मी तिथं द्यायला जात होते.

मग मी फोन केला. म्हटलं, “रविवारी चहाला या. आईला सांगून या.”

तो आला. पांढरा शर्ट, हातात खव्याच्या जिलेबीचा पुडा, अजून कोमट. इंदू त्याला बघून म्हणाली, “मुझे तो मंदिर जाना था,” आणि आडवी होऊन जिना उतरून गेली. आयुष्यात कधी देवळात गेलेली नाही ती.

मी चहा ठेवला. खिडकीतून पावसानं धुतलेली गल्ली दिसत होती, खाली भाजीची गाडी उभी होती. तो सतरंजीवर मांडी घालून बसला. कप दोन्ही हातांत धरला. कपाला माझ्या बोटांची ओल होती, तो तिथंच बोट फिरवत होता.

“खोली छान आहे,” म्हणाला. बरोबर बोलला. घाबरलेला असला की बरोबर बोलायचा.

“हं.”

“बेबी,” तो म्हणाला. जी गळून पडलं होतं, आणि या वेळी हसायला कोणी नव्हतं. “मी तुमच्यासोबत राहू इच्छितो. लग्न करून, किंवा तुम्ही म्हणाल तसं. तुम्हाला… चालेल?”

माझं सगळं अंग हो म्हणत होतं. कानाच्या पाळ्यांपर्यंत. महिनोन् महिने हो म्हणत होतं. आणि त्याच क्षणी मला ती गेटवरची दुपार आठवली. मला बघायचं होतं. मला खरंच येतं का, ते.

“नाही,” मी म्हटलं.

काहून, असं त्यानं विचारलं नाही. मी तुमच्यासाठी किती थांबलो, असं म्हटलं नाही, आणि मी श्वास रोखून त्याच वाक्याची वाट बघत होते. त्यानं चहा संपवला, कप मोरीत नेऊन विसळून पालथा ठेवला.

“बरं,” म्हणाला. हसायचा प्रयत्न केला, जमला नाही. “चहा चांगला होता. येतो मी.”

आणि गेला. खरंच जिना उतरून गेला. पायऱ्यांवरून त्याची पावलं ऐकू येत होती, सावकाश.

मी खोलीच्या मधोमध उभी. छत जागेवर होतं. गॅस जागेवर होता. कोणी माझं सामान बाहेर फेकत नव्हतं, कोणी केस धरून ओढत नव्हतं. मी एका माणसाला नाही म्हटलं होतं आणि संध्याकाळच्या जेवणाची मला काळजी नव्हती. इतकं हलकं वाटलं की मला बसावंसं वाटलं, आणि बसायला वेळ नव्हता. मी खिडकीकडे धावले.

तो खाली स्कूटरला किल्ली लावत होता. लागत नव्हती.

“अहो.”

त्यानं वर बघितलं. भाजीवाल्यानंही बघितलं.

“आता परत विचारा,” मी म्हटलं.

“काय?”

“तेच. आत्ता विचारलं ते.”

“इथून?” तो गल्लीकडे बघायला लागला. समोरच्या ओट्यावर दोन म्हाताऱ्या तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले होते. “ओरडून?”

“हो. ऐकू येत नाही मले इतक्या वर.”

त्यानं घसा साफ केला. कान लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. मग त्या माणसानं, ज्याला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, भर गल्लीत मान वर करून, चुकीच्या मराठीत, सगळं पहिल्यापासून विचारलं. लग्नाचा पण, वरणाचा पण. आईनं होकार दिलाय हे पण. म्हाताऱ्यांपैकी एकीनं दुसरीला विचारलं, “क्या बोल रहा है?” भाजीवाला म्हणाला, “चुप रहो अम्मा, सुनने दो.”

त्याचं विचारून झालं. सगळी गल्ली खिडकीकडे बघत होती.

मी खिडकी सोडली. हे उत्तर वरून ओरडून देण्यातलं नव्हतं. चपला सापडेनात, तशीच निघाले, आणि त्या अरुंद जिन्याच्या पायऱ्या मी दोन-दोन उतरत गेले. पाय माझे होते, आता चांगले पळत होते.